जिताड्याचं कमळ

रत्नप्रभा मयेकर माझी शेजारीण. बोरीवली पूर्वेला, काजूपाड्याच्या बाजूला आमची दोन मजली चाळवजा बिल्डिंग होती. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत, आणि तीही नावापुरती. त्या भिंतीतून तिच्या घरातलं सगळं मला ऐकू यायचं. सगळ्यात जास्त ऐकू यायचा तो तिच्या नवऱ्याचा, सीतारामभावोजींचा, एकच प्रश्न: "अगो, माझी बटनां खंय गेली?" बटणांच्या जागी कधी काड्यापेटी असायची, कधी चहाची साखर, कधी दाढीचा ब्रश.

ही सगळी मंडळी गेलेली असायची रुखवतात.

आता रुखवत म्हटलं की थर्माकोलचा बंगला आणि थर्माकोलची बैलगाडी. थर्माकोल बघितला की माझं डोकंच फिरतं, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही. मी सांगतेय ते सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराचं. तेव्हा लग्नाच्या हॉलच्या एका कोपऱ्यात टेबलं लावून, वर पांढरी चादर घालून मुलीकडचे लोक मुलीच्या हातची कलाकुसर मांडायचे. मधोमध एक कार्ड उभं करायचं: 'चि. सौ. कां. अमुक हिने स्वहस्ते केलेले रुखवत.' या कार्डाइतकं धडधडीत खोटं फक्त निवडणुकीच्या पत्रकात छापत असतील. मुली बिचाऱ्या सकाळी डबा घेऊन कारखान्यात नाहीतर हापिसात जाणाऱ्या, रात्री भांडी घासून झोपणाऱ्या. त्या सुपारीचे भटजी कधी करणार? म्हणून लग्न ठरलं की मुलीची आई हॉल बघायला जायच्या आधी रत्नप्रभाकडे यायची, तेही मागच्या जिन्याने.

रत्नप्रभा सुपारीचे भटजी तर करायचीच, पण तो तिच्या दृष्टीने हातखर्चाचा माल. तिची खरी कला वेगळी. जगात कुठलीही वस्तू फेकायला निघाली की तिला तिच्यात दुसरं काहीतरी दिसायचं. मी डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला होते, तिथल्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन तिने झुंबर केलं होतं. पिस्त्याच्या सालींची मोरपिसं केली होती. अंड्याच्या कवचाचा गावदेवीचा मुखवटा केला होता, आणि त्यासाठी आख्ख्या मजल्याला आठवडाभर ऑम्लेट खावं लागलं होतं. तळमजल्यावरच्या धोंडूमामांचा पाय मोडला तेव्हा सगळे त्यांना बघायला गेले, ही त्यांचा एक्स-रे बघायला गेली. पाय बरा झाल्यावर त्या फिल्मची तिने दिव्याची झकास शेड केली. फिल्म गरम पाण्यात घासून साफ करायची असते, ती जरा घाईत राहिली. लग्नाच्या हॉलमध्ये दिवा लावल्याबरोबर धोंडूमामांचं नडगीचं हाड पांढरंशुभ्र उजळलं. नवऱ्या मुलाच्या आजीने हात जोडून विचारलं, "हे कुठलं ज्योतिर्लिंग?"

भावोजींची गिरणी संपात बसली ती बसलीच. नंतर ते एका ऑफिसात लिफ्टवर लागले. माणूस शांत. एकदा विडी ओढायला काडी मिळेना, तेव्हा त्यांनी टेबलावरच्या काड्यांच्या तुळशीवृंदावनाची एक पायरी हळूच उपसली आणि तिच्यावर विडी पेटवली. त्या दिवशी भिंतीतून जे ऐकू आलं ते मी इथे लिहू शकत नाही.

तर मुद्दा असा, की एवढं सगळं करून रत्नप्रभाच्या घरात तिच्या हातची एकही वस्तू नव्हती. रुखवत मुलीबरोबर सासरी जातं. दहिसरपासून अंधेरीपर्यंत, अगदी भांडुप-मुलुंडलासुद्धा, लोकांच्या शोकेसमध्ये रत्नप्रभा बसलेली होती आणि तिच्या स्वतःच्या शोकेसमध्ये स्टीलचे सहा पेले आणि एक औषधाची बाटली. मोबदला म्हणून ती खणनारळ घ्यायची, बाकी काही नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. कोणीतरी चारचौघांत म्हणावं, हे रत्नप्रभाने केलंय. आणि नेमकं तेवढंच कोणाला म्हणता येत नव्हतं.

प्रत्येक लग्नाला मात्र ती जायची. पाहुणी म्हणून. जेवणाची पंगत बसली तरी ही रुखवताच्या टेबलापाशी उभी, कोण काय म्हणतंय ते ऐकत. कोणी वाहवा केली की लाजून पदर चाचपायची, जणू तिलाच बघायला आलेत. एकदा कांदिवलीच्या एका लग्नात कोणी बाई म्हणाल्या, "हंस छान आहे, पण मान जरा जाड झाली."

"मान बारीक केली असती तर साबण तुटला असता!" रत्नप्रभा उसळली. "कधी साबण कोरलायत काय हो? की नुसताच लावता?"

मुलीच्या आईने तिला दंडाला धरून बाजूला नेलं. मागे त्या बाईंनी विचारलं, "कोण हो या?"

"लांबच्या नातेवाईक आहेत आमच्या," मुलीची आई म्हणाली. "जरा अशाच आहेत."

त्या दिवशी घरी येताना रत्नप्रभा जिन्यात थांबली आणि म्हणाली, "विमल, मी मेल्यावर लोक म्हणतील, बाई चांगली होती, तिला कलेची फार हौस होती. बघण्याची." मला हसू आलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम.

आता कुंदाचं सांगते. कुंदा म्हणजे भावोजींच्या धाकट्या भावाची, गुणाजीची मुलगी. रत्नप्रभाला स्वतःचं मूल नाही, त्यामुळे कुंदावर तिचा फार जीव. पोरगी गोड, पण हाताने इतकी धांदरट की काय सांगू. औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायच्या कामावर होती आणि सुपरवायझरने तिला वर्षभरात खोके मोजायला बसवलं, कारण तिची लेबलं नेहमी उताराला लागल्यासारखी तिरकी असत. तिचं लग्न ठरलं मुलुंडच्या चंद्रप्रकाश नलावडेशी. मुलगा सज्जन, टेलिफोनमध्ये नोकरीला. घराणं साताऱ्याकडचं आणि माळकरी. सासू अनसूयाबाई गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या. मांस-मच्छी नाही, कांदासुद्धा एकादशीला नाही, आणि खोटं बोलणं तर अजिबात नाही. कुंदाने बांगड्याची कढी सोडायची तयारी दाखवली तेव्हाच आम्हाला कळलं की चंद्रप्रकाश तिला मनापासून आवडलेला आहे.

"कुंदाचं रुखवत असं करीन," रत्नप्रभा म्हणाली, "की मुलुंडचे लोक टेबलापासून हलायचे नाहीत."

आमच्याकडे मासे घेऊन गोराईची तेरेसा यायची. सकाळच्या बोटीने खाडी ओलांडून, डोक्यावर पाटी, कपाळाला बारीक घाम आणि तोंडाचा पट्टा चालू. त्या सुमाराला एकदा ती आमच्या ओट्यावर मोठं जिताडं खवलत होती. जिताड्याचे खवले रुपयाएवढे असतात. ते फरशीवर उडत होते, आणि सकाळचं ऊन पडून त्यांच्यात निळा-गुलाबी रंग हलत होता. मला तो केर दिसला. रत्नप्रभा खाली बसली आणि एकेक खवला उचलून उजेडात धरायला लागली.

"काय गो बाय, सगले मासा नेतान, तू साल नेतेस?" तेरेसा म्हणाली.

"पुढच्या वेळी सगळ्या गिऱ्हाइकांकडचे आण," रत्नप्रभा म्हणाली. "एकही टाकू नको."

महिनाभर आमच्या गच्चीवर खवले वाळत होते. आधी मिठात चोळायचे, मग लिंबाच्या पाण्यात ठेवायचे, मग उन्हात, मग पुन्हा लिंबू. वास पार मरेपर्यंत. बिल्डिंगमधली सगळी मांजरं गच्चीच्या दाराशी सत्याग्रहाला बसलेली. चांगले वाळले की ते काचेसारखे होतात. मग कोमट पाण्यात क्षणभर बुडवून मऊ करायचे, कात्रीने पाकळी कापायची आणि पेन्सिलीवर वळवायची. अशा पाकळ्यांवर पाकळ्या बसवून तिने एक कमळ केलं. काय सांगू तुम्हाला! मी तिची टिंगल करत आले जन्मभर, पण त्या कमळापुढे माझी बोलती बंद झाली. दिवा मालवला तरी ते खोलीतला उरलासुरला उजेड गोळा करून बसायचं.

आणि इथेच ती चूक झाली, जी फक्त आम्ही कोकणातली माणसंच करू शकतो. माळकऱ्यांच्या घरी मासा चालत नाही हे रत्नप्रभाला ठाऊक होतं. पण खवला म्हणजे मासा हे काही केल्या तिच्या डोक्यात आलं नाही. मासा म्हणजे जे आपण खातो ते. खवले आपण टाकतो. मग ते मासा कसे? मलाही तो प्रश्न पडला नाही. तेरेसाला तर नाहीच नाही. कुंदाला कमळ कशाचं आहे ते माहीतच नव्हतं, कारण तिने विचारलं नाही आणि काकी आपलं गुपित कधी फोडत नसे.

लग्न झालं. कमळाभोवती ही गर्दी. कार्डावर 'चि. सौ. कां. कुंदा हिने स्वहस्ते'. अनसूयाबाई कितीतरी वेळ कमळासमोर उभ्या राहिल्या. करारी बाई, पण चेहरा अगदी मऊ झालेला. त्यांनी विचारलं, "कशाचं गं हे, कुंदा?"

कुंदाने काकीकडे बघितलं. काकीने ओठ न हलवता समुद्राच्या दिशेला मान उडवली. "समुद्रातलं आहे, आई," कुंदा म्हणाली.

"शिंपल्यांचं!" अनसूयाबाई म्हणाल्या आणि सगळ्या मुलुंडकरांना बोलावून दाखवायला लागल्या.

संक्रांतीच्या आधी कुंदा एकटीच बोरीवलीला आली. चेहरा पडलेला. रत्नप्रभा पोहे करत होती, मी तिथेच बसलेले.

"काकी, माझी वाट लागली," कुंदा म्हणाली. "आई महिला मंडळाच्या अध्यक्ष आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाच्या हॉलमध्ये त्यांनी माझं प्रात्यक्षिक ठेवलंय. सगळ्यांसमोर ते कमळ करून दाखवायचं. फळ्यावर लिहूनसुद्धा टाकलंय."

"मग दाखव," रत्नप्रभा म्हणाली. "मी शिकवते."

"पण ते शिंपले आणायचे कुठून?"

"शिंपले कसले? जिताड्याचे खवले ते."

कुंदा उभी होती ती खाली बसली. पाट नव्हता तिथे बसली. "काकी," ती म्हणाली, "ते कमळ आमच्या देव्हाऱ्यात आहे. विठोबा त्याच्यावर उभा केलाय आईंनी. रोज त्याला हळदकुंकू वाहतात."

मला वाटलं आता रत्नप्रभा तरी हादरेल. तिने पोह्यांखालचा गॅस बंद केला आणि विचारलं, "देव्हारा कुठल्या भिंतीला आहे? उजेड पडतो काय त्याच्यावर?"

मी कपाळावर हात मारला. कुंदा रडायला लागली. खरं सांगावं तर सासू म्हणणार, सुनेने लग्नाच्या मांडवात खोटं कार्ड लावलं आणि वर देवाला मासळीवर उभं केलं. नवं नवं सासर, त्यात सासू अशी खऱ्याची. एकदा का विश्वास उडाला की जन्मभर घरात परकी. पोरीच्या पोटात तीच भीती होती, आणि ती खरीच होती.

शेवटी असं ठरलं की प्रात्यक्षिक करायचं. काकी सोबत म्हणून जाणार, शेजारी बसून सामान हातात देणार. बहुतेक पाकळ्या आधीच वळवून न्यायच्या, कुंदाने चार पाकळ्या कापून दाखवायच्या आणि बाकीच्या चिकटवायच्या. अडचण एकच. वाळलेले खवले सगळे त्या कमळात संपलेले. तेरेसाने ताजे आणून दिले, पण वाळवायला दोनच दिवस मिळाले आणि लिंबाचा एकच हात बसला. वास काही गेला नव्हता. कुंदाने त्यांच्यावर टाल्कम पावडरचा अर्धा डबा ओतला. खवल्यांचा डबा उघडला की आधी बाळाला आंघोळ घातल्यासारखं वाटायचं आणि मग मागून जिताडं यायचं.

मी दवाखान्यातून रजा घेतली. असला प्रसंग कोण सोडणार? दादरला गाडी बदलून आम्ही तिघी मुलुंडला गेलो. डबा रत्नप्रभाच्या मांडीवर, तिने तो देवाच्या मूर्तीसारखा धरलेला.

हॉल भरलेला होता. काळ्या साड्या, तिळगूळ, वाणाच्या स्टीलच्या चमच्यांचा ढीग. कुंदाची पहिली संक्रांत म्हणून तिला हलव्याचे दागिने घातलेले, ते तिने हात हलवला की खुळखुळत होते. अनसूयाबाईंनी दोन शब्द सांगितले. आजच्या मुलींना हाताने काही येत नाही म्हणतात, त्यांनी आमची सून बघावी, असं म्हणाल्या. टेबलावर मधोमध नमुना म्हणून ते कमळ, देव्हाऱ्यातून खास आणलेलं, हळदीकुंकवाने माखलेलं. त्याला बघून रत्नप्रभाचे डोळे भरून आले. मी तिला चिमटा काढला.

कुंदाने खवला कोमट पाण्यात टाकला. खरं तर पाणी कोमट नव्हतं, मंडळाच्या बायकांनी हौसेने उकळून आणलेलं होतं.

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी नाकाला पदर लावला. मग दुसरीने. मागच्या खिडकीत एक बोका येऊन बसला. कुंदाचे डोळे पाणावले. ते भीतीने की सोडलेल्या कढीच्या आठवणीने, ते तिचं तिलाच माहीत. तिने कात्री उचलली आणि पाकळी कापली ती मधोमध. दुसरी घेतली, तिचं टोकच उडवलं. तिसरी पेन्सिलीवर वळवायला गेली तर ती तिच्या बोटाला चिकटून राहिली.

रत्नप्रभाने तोपर्यंत तोंड आवळून धरलं होतं. पण चौथा खवला चांगला होता. मोठा, गुलाबी झाक असलेला. कुंदाने तो उलटा धरला, आणि रत्नप्रभाने तिच्या हातावर फटका मारला.

"अगो बाये, तसा नाय गो! नासवशील तो!"

तिने कात्री ओढून घेतली. एका दमात पाकळी कापली, वळवली, बसवली. मग दुसरी. मग तिसरी. आपण कुठे आहोत हे ती साफ विसरली. सगळ्या बायका तिच्या बोटांकडे बघत होत्या, आणि अनसूयाबाई कुंदाकडे.

"कुंदा," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे कमळ तू केलंस?"

कुंदा मान खाली घालून उभी. हलव्याचा हार टपटप गळायला लागला होता.

"आणि हा वास कसला आहे?"

मागून एक बाई म्हणाली, "मासे आहेत वाटतं." दुसरी म्हणाली, "सुनेने आणलेत? माळकऱ्यांच्या घरात?" कुजबुज सगळ्या हॉलभर पसरली.

रत्नप्रभाने कात्री खाली ठेवली आणि उभी राहिली. ठेंगणी बाई, टेबलापलीकडे धड दिसतही नव्हती. ती स्टुलावर चढली.

"पोरीला काही बोलू नका," ती म्हणाली. "तिला काही म्हणजे काही येत नाही. तिला बटण लावता येत नाही. हे कमळ मी केलंय. जिताड्याच्या खवल्यांचं. तिला ठाऊकसुद्धा नव्हतं." मग तिचा आवाज चढला आणि ती गावच्या बोलीवर गेली. "ह्या सगळा माझ्या हातचा आसा! रुखवतातला एकूण एक! मी केलंय!"

आयुष्यभर जे वाक्य तिने गिळलं होतं ते असं, नेमकं नको त्या जागी बाहेर आलं. तिच्या तोंडावर शरमेचा लवलेश नव्हता. मी तिला इतकी सुंदर कधीच बघितली नाही.

एवढ्यावर थांबली असती तर ती रत्नप्रभा कसली? तिसऱ्या रांगेतल्या एक बाई घाबरत म्हणाल्या, "आमच्या सुनेच्या रुखवतात पिस्त्याचा मोर होता..."

"भांडुपचं लग्न? शेपटीला एक पीस कमी? मीच!"

"आणि आमचं साखरेचं देऊळ?"

"कळस जरा डावीकडे? मुंग्यांनी खाल्ला होता, ऐन वेळी नवा बसवला. मीच!"

"सुपारीचे भटजी पण?"

"जानवं बघा त्यांचं. माझ्या नवऱ्याच्या पायजम्याचा दोरा आहे."

हॉलमध्ये एकच गलका. सासवा सुनांकडे बघायला लागल्या, सुना छताकडे. एका सुनेला जोराचा खोकला आला. मुलुंडमधल्या किती घरांत त्या संध्याकाळी चहा झाला नसेल, देव जाणे. त्या गोंधळात बोका खिडकीतून उडी मारून टेबलावर आला आणि डबा उलटवून उरलेले खवले तोंडभर घेऊन गेला.

अनसूयाबाईंनी सगळ्यांना तिळगूळ वाटला, गोड बोला म्हणाल्या, आणि स्वतः एक शब्द बोलल्या नाहीत.

पुढचं कुंदाकडून कळलं ते असं. सासूबाईंनी सगळे देव पुन्हा धुतले. कमळ सांडशीने उचललं. कुंदाला त्या रागावल्या नाहीत, पण आठवडाभर तिच्याशी थेट बोलल्याही नाहीत. समोर बसलेल्या कुंदासाठी चंद्रप्रकाशला सांगायच्या, "तिला सांग, आमटीत मीठ कमी आहे." चंद्रप्रकाश कुंदाकडे वळून म्हणायचा, "मीठ कमी आहे." कुंदा मिठाची वाटी त्याच्याकडे द्यायची आणि तो ती आईकडे. शेवटी तो एवढा वैतागला की मीठ स्वतःच्या पानात घेऊन बसला. तेव्हा अनसूयाबाईंना हसू आलं. त्या कुंदाला म्हणाल्या, "लग्नात तुला ठाऊक नव्हतं ना?" कुंदा म्हणाली, "नाही आई. पण संक्रांतीला होतं." सासूबाई म्हणाल्या, "हे बरं केलंस, खरं सांगितलंस." आणि तो विषय त्यांनी तिथेच मिटवला.

कमळ घेऊन चंद्रप्रकाश बोरीवलीला आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. रत्नप्रभाने ते सोडलं, पाकळ्यांमधलं कुंकू कापसाने पुसलं, शोकेसमधले स्टीलचे पेले काढून मधोमध ठेवलं. जन्मात पहिल्यांदा तिच्या घरात तिच्या हातची वस्तू आली, ती सासरहून परत पाठवलेली. भावोजी कामावरून आले, शोकेससमोर थांबले.

"ह्या तू केलंस?" ते म्हणाले. "आणि मी बटनां शोधत रवलंय."

त्या हंगामात मागच्या जिन्याने कोणी आलं नाही. भर सभेत गुपितं फोडणाऱ्या बाईकडे कोण येणार? रत्नप्रभा दाखवत नव्हती, पण भिंतीपलीकडची शांतता मला खायला उठायची. कात्रीचा आवाज नाही की भावोजींची हाक नाही. त्यांची बटणं सगळी जागच्या जागी होती, आणि त्यानेच तो माणूस कासावीस झाला होता. मी दवाखान्यातून रिकाम्या बाटल्या आणून तिच्या दाराशी ठेवल्या, तर तिने त्या भंगारवाल्याला दिल्या. तेव्हा मात्र मला रडू आलं.

आणि मग चैत्रात एका दुपारी अनसूयाबाई आल्या. पुढच्या जिन्याने. बरोबर कुंदा. शोकेससमोरची खुर्ची टाळून त्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या, तरी डोळे कमळाकडे जातच होते.

"आमच्या लेकीचं, हेमलताचं लग्न ठरलंय," त्या म्हणाल्या. "रुखवत तुम्ही करा."

रत्नप्रभाच्या वतीने मी विचारलं, "आणि कार्ड?"

अनसूयाबाईंनी गळ्यातल्या माळेला हात लावला. "ही घातल्यावर जसा मासा चालत नाही तसं खोटंही चालत नाही. कार्ड मी लिहीन." मग जरा थांबून म्हणाल्या, "विहीणबाई, एक सांगू का? ते काढल्यापासून देव्हारा फार ओका वाटतो हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "अगो, माझो चष्मो खंय गेलो?" मला इतकं बरं वाटलं की मी चहात साखर दोनदा घातली.

हेमलताच्या लग्नात रुखवत असं होतं की माझ्याच्याने सांगणं होणार नाही. चष्म्याच्या काचांचं तळं होतं एवढं सांगते. कार्ड अनसूयाबाईंनी स्वतःच्या हाताने, ठळक अक्षरांत लिहिलं होतं:

'हे रुखवत मुलीने केलेले नाही. सौ. रत्नप्रभा सीताराम मयेकर, बोरीवली, यांनी केले आहे. यात मासा नाही.'

रत्नप्रभा त्या कार्डासमोर उभी राहिली. पंगती उठल्या, ती हलली नाही. एक तरुण मुलगी आली, कार्ड वाचलं, तळं बघितलं आणि विचारलं, "तुम्हीच का या मयेकर?"

रत्नप्रभाने मान हलवली. दर लग्नात भांडणारी ही बाई, तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. मीच तिला जेवायला नेलं. जाता जाता ती मागे वळली आणि कार्ड जरा डावीकडे सरकवलं, तिथे उजेड चांगला पडत होता म्हणून.